मैदान नकाशावर आहे, वस्तीत कुठे आहे?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांमधली पोरे-पोरी पहाटे उठून पळायला लागतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी परीक्षेचे काहीतरी जमते. विहारात अभ्यासिका असते, मोबाईलवर व्याख्याने असतात, एखादा दादा जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करून देतो. पळायचे मात्र कुठे? मुंबईच्या पूर्व उपनगरांत आम्ही काम करतो, तिथली मुले महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर पळतात. बाजूने डंपर आणि पाण्याचे टँकर जात असतात. मुलींच्या मागे भाऊ किंवा वडील मोटारसायकल घेऊन हळूहळू येतात. ज्या घरात मोटारसायकल नाही किंवा वडील रात्रपाळीला असतात, त्या घरातली मुलगी पळत नाही. पुढे ती यादीत का आली नाही याची चर्चा आपण क्लासच्या फीच्या अंगाने करतो, भरतीतल्या घोळाच्या अंगाने करतो. मैदानाच्या अंगाने कोणी करत नाही.

चळवळीच्या बैठकांत शिष्यवृत्ती असते, अ‍ॅट्रॉसिटी असते, खासगीकरण असते, आणि ते असलेच पाहिजे. उद्यानाचा विषय निघाला की मात्र लोक हसतात. बाग म्हणजे सकाळी पांढरे बूट घालून चालणाऱ्या बिल्डिंगवाल्यांचा विषय, असा समज पक्का बसला आहे. हा समज आपल्याला महाग पडतो आहे. त्यातच २०२८ हे एक वर्ष जवळ येते आहे, ज्याची आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना कल्पनाच नाही.

माणशी सव्वा चौरस मीटर

मुंबईचा सध्याचा विकास आराखडा तयार करताना महापालिकेने शहराच्या जमीनवापराची पाहणी केली होती. त्यात लोकांच्या वापरातली मोकळी जागा माणशी १.२४ चौरस मीटर निघाली. घरात अंथरतो ती सतरंजी याहून मोठी असते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत शहरांसाठी माणशी १० ते १२ चौरस मीटर सुचवलेले आहेत.

पण समाजशास्त्र शिकताना पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोक्यात बसते, ती म्हणजे सरासरी काढली की विषमता झाकली जाते. १.२४ हा आकडा शिवाजी पार्क, ओव्हल, फाइव्ह गार्डन्स आणि गोवंडीची गल्ली एकत्र करून काढलेला आहे. दादर-माटुंग्याचा तो हिरवा पट्टा आपोआप उगवलेला नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने दादर, माटुंगा भागात आधी रस्ते आणि बागांच्या जागा आखून मग प्लॉट पाडले. म्हणजे ज्या वस्तीची आखणी झाली तिला बाग मिळाली. ज्या वस्त्या गिरणी, गोदी, डम्पिंग ग्राउंड आणि कत्तलखान्याच्या आधाराने आपोआप वाढल्या, किंवा शहरातून उचलून नेऊन वसवल्या गेल्या, त्यांच्यासाठी कोणी आखणीच केली नाही. गोवंडी, मानखुर्द, देवनारचा एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाला होता. त्या विभागात कोण राहते हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

मोकळ्या जागेचा संबंध थेट फुप्फुसांशी आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इमारती एकमेकींना चिकटून, मधली फट जेमतेम, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. तिथल्या क्षयरोगाचा संबंध अभ्यासकांनी या रचनेशी जोडला. आम्ही अशा इमारतींत घरोघरी जातो तेव्हा दुपारी बारा वाजताही ट्यूबलाइट चालू असते. जिन्यात खोकल्याचा आवाज येतो. वस्तीतून इमारतीत गेलो, पक्के घर मिळाले, हा आनंद खरा आहे. पण वस्तीत निदान दारासमोर ऊन पडायचे, म्हातारी माणसे तिथे खाट टाकून बसायची. सातव्या मजल्यावरची आजी आता कुठे बसते, असे कुणी विचारत नाही. लिफ्ट बंद असली तर आजी महिना-महिना खाली उतरत नाही.

तळे कोणाचे होते?

महाडची गोष्ट आपण दरवर्षी २० मार्चला सांगतो. तिच्यातला नगरपालिकेचा भाग मात्र भरभर सांगून टाकतो. इथे तोच नीट पाहायचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला, तरी तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, आणि त्या कागदात जीव आला. लगेच ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. मग खटला सुरू झाला. तळे चौधऱ्यांचे खासगी की नगरपालिकेचे, हाही त्या खटल्यातला एक मुद्दा होता. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. सत्याग्रह दोन दिवसांत सांगून होतो, पण त्यामागे दहा वर्षांची कोर्टाची फाईल आहे. बाबासाहेब दोन्ही लढले.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये महाड स्पष्ट दिसते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात कोणाला आडकाठी करता येणार नाही, असे ते कलम सांगते. त्याच यादीत आणखी एक शब्द आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा लोकांच्या उपयोगासाठी दिलेल्या ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’. राबता म्हणजे येणे-जाणे, वावर. बाग, मैदान, चौपाटी ही सगळी राबत्याची ठिकाणे आहेत. अशा जागी जाण्यापासून अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडवणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर येणाऱ्या जनतेबद्दल दरवर्षी काही जण नाक मुरडतात, गवताची आणि कचऱ्याची काळजी करतात. त्याच मैदानावर इतरांचे मेळावे झाले की गवताची एवढी आठवण निघत नाही. १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झालेले ते मैदान आहे, आणि लाखो माणसे तिथे शांतपणे पुस्तके विकत घेतात, जेवतात, झोपतात आणि परत जातात. याला राबताच म्हणतात. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या मैदानावर ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरची सभा झाली. त्या सभेवरच्या हल्ल्यानंतर काय घडले हा इतिहास आपल्याला माहीत आहे. सभा घ्यायला मैदान होते म्हणून सभा झाली, हेही लक्षात घ्या. आज त्या आकाराची सभा आपल्या वस्तीत कुठे घ्याल?

डीपी नावाचा कागद

महाडचा ठराव जसा कागदावर होता, तशी आपल्या वस्त्यांची मैदानेही कागदावर आहेत. तो कागद म्हणजे विकास आराखडा, बोलीभाषेत डीपी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे एमआरटीपी कायदा, याखाली तो तयार होतो. मुंबईचा सध्याचा आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. तो १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्याचे काही भाग त्याच वर्षी नोव्हेंबरपासून. शहरातल्या प्रत्येक तुकड्याचे त्यात काहीतरी ठरलेले आहे. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, रस्त्यासाठी, बागेसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. याला आरक्षण म्हणतात. आरक्षण या शब्दावर आपली पकड चांगली आहे, पण जमिनीच्या आरक्षणाकडे आपले लक्षच गेलेले नाही.

नकाशात मैदानाच्या आरक्षणावर ‘आरओएस १.४’ आणि बागेच्या आरक्षणावर ‘आरओएस १.५’ असे लिहिलेले सापडते. आता यातली मेख पाहा. आरक्षण टाकले म्हणजे जागा महापालिकेची झाली असे होत नाही. ती जागा ताब्यात घ्यावी लागते. कायद्याच्या कलम १२६ मध्ये त्याचे मार्ग दिले आहेत. मालकाशी करार करून पैसे द्यायचे, किंवा पैशाऐवजी टीडीआर म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क द्यायचा, नाहीतर भूसंपादन करायचे. यातले काहीच झाले नाही, तर कलम १२७ लागू होते. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत महापालिकेने जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. जागा मालकाला मोकळी. तिथे मग टॉवर उभा राहतो, आणि तो कायदेशीर असतो.

२०१८ मध्ये दहा मिळवा. २०२८ च्या सप्टेंबरपासून या आराखड्यातल्या खासगी जमिनींवरच्या आरक्षणांबाबत अशा नोटिसा द्यायला मालक मोकळे होतील. मोठ्या जमीनमालकांकडे वकील असतात, त्यांनी तारखा आताच लिहून ठेवल्या असतील. वस्तीला मात्र आपल्या बाजूच्या कुंपणाआडची झुडपांची जागा मुळात मैदान आहे, हेच ठाऊक नसते.

‘पावले उचलली’ म्हणजे काय, यावरही खूप कोर्टबाजी झाली आहे. महापालिकेने ठराव केला, एक पत्र सरकारला पाठवले, एवढ्याने भागत नाही, भूसंपादनाचे खरे पाऊल पडले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितले. म्हणून साहेबांनी पत्र लिहिले, काम होऊन जाईल, असे कोणी सांगितले तर समाधान मानू नका. महाड नगरपालिकेनेही ठराव केलाच होता.

जागा सरकारी किंवा महापालिकेचीच असेल, तर धोका वेगळा असतो. तिथे आरक्षण बदलले जाते. कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करता येतो. त्यासाठी जाहीर सूचना काढून एका महिन्यात लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापून येते. आमच्या अनुभवात वस्तीपर्यंत ती पोहोचते तेव्हा महिना उलटून गेलेला असतो. वस्तीतल्या दोन तरुणांनी दर आठवड्याला ही पाने चाळायची, एवढे ठरवले तरी बराच फरक पडतो.

लोक जागे असतील तर काय होते, याचे उदाहरण मुंबईबाहेर, बंगळुरूमध्ये आहे. तिथल्या राजमहल विलास एक्स्टेंशन भागात बागेसाठी राखलेली जागा एका खासगी वैद्यकीय ट्रस्टला रुग्णालयासाठी देऊन टाकली होती, तीही मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून. रहिवासी न्यायालयात गेले. तुमचा यात संबंध काय, असा मुद्दा त्यांच्याविरुद्ध काढला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. बाग राखण्यात तिथे राहणाऱ्यांचा हक्क आहे आणि ती खासगी संस्थेला देता येणार नाही, हे त्या निकालाने पक्के झाले. ते रहिवासी सुस्थितीतले होते, हे खरे. पण निकाल सगळ्यांचा असतो.

घर की बाग?

इथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. मुंबईत बाग-मैदानासाठी राखलेल्या कितीतरी जागांवर आज झोपड्या आहेत. त्या झोपड्यांत आपलीच माणसे राहतात. शहरातले काही पर्यावरणवादी वर्षानुवर्षे म्हणत आले आहेत की या जागा मोकळ्या करा, शहराला श्वास घेऊ द्या. त्यांच्या ‘शहरा’त झोपडीतला माणूस बसत नाही. त्यामुळे बाग हा शब्द ऐकला की वस्तीला बुलडोझर आठवतो. आपल्या लोकांची बागेविषयीची अढी मुख्यतः यातून आली आहे, आणि ती समजण्यासारखी आहे.

सध्याचा नियम असा. आरक्षित मोकळ्या जागेवर झोपडपट्टी असेल आणि जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल, तर तिथेच पुनर्वसन योजना राबवता येते, मात्र किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. या नियमाला आव्हान देणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात होती. जून २०२५ मध्ये न्यायालयाने नियम कायम ठेवला, आणि ही ३५ टक्के जागा प्रत्यक्षात लोकांच्या वापरासाठी खुली राहिली पाहिजे यावर भर दिला.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. घर जाता कामा नये, आणि ३५ टक्केही जाता कामा नयेत. ही दुसरी गोष्ट आपण सोडून देतो. पुनर्वसन योजनेच्या बैठकीत सगळे बोलणे घराचे क्षेत्रफळ, भाडे आणि पात्रता यादी याभोवती फिरते. नकाशात मोकळी जागा कुठे दाखवली आहे, ती एकसंध आहे की इमारतींच्या मधल्या फटी मोजून ३५ टक्के भरले आहेत, तिथे विक्रीच्या इमारतीची पार्किंग तर येणार नाही ना, पुनर्वसन इमारतीतून तिकडे जायला वाट आहे का, हे कोणी विचारत नाही. घर घेताना दार कुठल्या बाजूला आहे हे आपण पाहतोच ना? मग मैदानाचेही दार पाहायला हवे. विक्रीच्या इमारतीच्या आवारात गेलेले मैदान एकदा सिक्युरिटीवाल्याच्या ताब्यात गेले की पुनर्वसन इमारतीतल्या पोरांना तिथे चेंडू आणायलाही सोडत नाहीत.

फाटकावर कोण उभे असते

जागा मिळाली, बाग झाली, म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे यावर बाग कोणाची हे ठरते. कितीतरी बागांना दुपारी कुलूप असते, आणि नेमकी तीच वेळ धुणीभांडी करणाऱ्या बाईची मोकळी असते. दोन घरांच्या कामांमध्ये तास-दीड तास मिळतो, तेव्हा ती बाहेर फुटपाथवर बसून डबा खाते. ‘खेळण्यास मनाई’, ‘गवतावर बसू नये’, ‘मोठ्या आवाजात बोलू नये’ अशा पाट्या पाहिल्या की वाटते, बाग चालणाऱ्यांसाठीच आहे. सावलीत निवांत बसणाऱ्याचा, पेपर वाचणाऱ्याचा, नोकरी गेल्याचे घरी न सांगता दिवस काढणाऱ्याचा तिच्यावर काही हक्कच नाही. वस्तीतली पाच-सहा पोरे एकत्र आत शिरली की वॉचमन त्यांच्यामागे जातो. वॉचमनही बहुतेक वेळा आपल्यासारख्याच वस्तीतला, कंत्राटावरचा. त्याला तसे सांगितलेले असते.

दत्तक धोरणाचा इतिहास यासाठीच माहीत हवा. देखभालीसाठी म्हणून महापालिकेने मोकळ्या जागा खासगी संस्थांना दिल्या, त्यांतल्या काहींवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिका सभागृहाने नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा शहरात ओरड झाली आणि मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. २०२३ मध्ये पुन्हा मसुदा आला, पुन्हा विरोध झाला. विरोध करणारे बहुतेक दक्षिण आणि पश्चिम मुंबईतले सुशिक्षित नागरिक होते. त्यांनी ते काम केले हे चांगलेच झाले, पण त्यात आपला आवाज नव्हता.

आवाज का नव्हता, यामागे व्यवस्थाही आहे. इमारतींच्या परिसरासाठी महापालिकेची एएलएम ही योजना आहे. रहिवाशांचा गट नोंदवायचा, वॉर्ड ऑफिसात बैठका घ्यायच्या, परिसराचे प्रश्न मांडायचे. वस्त्यांसाठी काय आले? दत्तक वस्ती योजना, जिचे पुढे स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान झाले. तिच्यात वस्तीतल्या लोकांनी मानधनावर झाडू मारायचा, गटार काढायचे. इमारतीत राहणारा तो नागरिक, त्याच्याशी चर्चा. वस्तीत राहणारा तो सफाईचा स्वयंसेवक, त्याला काम. ही वाटणी कोणत्या जुन्या वाटणीसारखी दिसते ते ओळखायला एम.ए. करावे लागत नाही. त्यात मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. ज्या वस्तीची वट फक्त नगरसेवकापुरती होती, तिची तीही गेली.

आपल्या बाजूचेही थोडे बोलले पाहिजे. बागेला बाबासाहेबांचे किंवा रमाईचे नाव द्या, या मागणीसाठी आपण जेवढी माणसे गोळा करतो, तेवढी त्याच बागेतला नळ चालू राहावा म्हणून करत नाही. नामकरणाच्या दिवशी निळे फेटे, बॅनर, आमदार. सहा महिन्यांनी झोपाळ्याची साखळी तुटलेली, शौचालयाला कुलूप, आणि फाटकावर फलक दिमाखात. महामातेच्या नावाच्या बागेत बायकांना शौचालय उघडे नसावे, याचा आपल्याला राग यायला हवा. दुसरे म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यात नवे बांधकाम करण्याचा मोह. २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे करण्यास मनाई केली आहे. हा आदेश इतर धर्मीय कसा मोडतात त्याची यादी आपल्याला तोंडपाठ असते. पण त्याच मैदानावर आपण विहाराची भिंत वाढवली की पुढच्या आठवड्यात शेजारी मंदिराचा चौथरा येतो, आणि खेळायला जागा उरत नाही. विहारासाठी जागा रीतसर मागावी, भांडून मागावी, पण ती पोरांच्या खेळातून कापून घेऊ नये, असे आम्हाला वाटते.

सुरुवात कुठून

बाग कोणाच्या ताब्यात आहे, हे पहिल्यांदा शोधावे लागते, कारण तक्रार चुकीच्या दारात गेली की वर्ष जाते. महापालिकेचे उद्यान खाते, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, जिल्हाधिकारी, की एखाद्या लेआउटची सोसायटी? जागेचा सिटी सर्व्हे नंबर मिळवा. तो विहाराच्या किंवा सोसायटीच्या कागदांत, नाहीतर शेजारच्या इमारतीच्या प्रॉपर्टी कार्डावर सापडतो. त्या नंबरावर महापालिकेकडून शुल्क भरून ‘डीपी रिमार्क’ मिळतो. त्यात जागेवर कोणते आरक्षण आहे ते लिहिलेले असते. प्रॉपर्टी कार्डावर मालक कळतो. एवढे दोन कागद हातात आले की वॉर्ड ऑफिसातले साहेब खुर्ची देतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. साधी तक्रार असेल, म्हणजे दिवा, नळ, तुटलेला झोपाळा, तर १९१६ वर नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. क्रमांक नसलेली तक्रार कोणी वाचत नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत बागा, उद्याने, क्रीडांगणे ही शहरी स्वराज्य संस्थांची कामे म्हणून नोंदलेली आहेत. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख करायला हरकत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही माफ. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो, म्हणून प्रश्न मोजकेच ठेवा. अमुक सिटी सर्व्हे नंबरावरील मैदानाचे आरक्षण कधी टाकले, जागा ताब्यात घेतली आहे का आणि कोणत्या तारखेला, घेतली नसल्यास कलम १२६ खाली आजवर कोणती कार्यवाही केली, कलम १२७ खाली मालकाची नोटीस आली आहे का, चालू आर्थिक वर्षात या जागेसाठी किती तरतूद आहे. पाच प्रश्न पुरेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करायचे. अर्ज एकाच्या नावाने न करता तीन-चार जणांनी वेगवेगळ्या जागांबद्दल केले तर कोणा एकावर दबाव येत नाही, आणि वस्तीच्या आजूबाजूचा सगळा नकाशा उभा राहतो. हे अर्ज भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनीच लिहावेत. त्यांना लेखी परीक्षेसाठी प्रशासन वाचावे लागतेच, आणि मैदानाची गरजही त्यांनाच आहे. आमच्याकडे रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास यासाठी ठेवतो. पाच-सहा जण बसतात, बाकीचे चहा घेऊन जातात. पाच-सहा पुरतात.

उत्तर इंग्रजी संक्षेपांनी भरलेले आले तर घाबरू नका, अपिलात मराठीत खुलासा मागा. आणि फाईल प्रत्यक्ष पाहण्याचा, तिच्या नोंदी उतरवून घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. उत्तरात जे लिहिलेले नसते ते फाईलच्या टिपणीत असते, म्हणून जमेल तेव्हा जाऊन फाईलच पाहा. सोबत दोघे जण असू द्या, एक वाचायला आणि एक लिहून घ्यायला.